काळ्या बरण्यांचं कपाट

४ मार्च

या जागेत कोणीच काही नीट लिहून ठेवत नाही, म्हणून मी लिहिणार.

बाहेर पाटी आहे, 'वनस्पती ऊती संवर्धन प्रयोगशाळा'. आत पूर्वी छापखाना होता. फरशीवर शाईचे डाग अजून आहेत. तीन खोल्या. पहिलीत बरण्या धुणं आणि माध्यम, म्हणजे झाडांच्या अन्नाची जेली, शिजवणं, दुसरीत पानांचे तुकडे कापणं, तिसरीत मांडण्यांवर पांढरे दिवे आणि त्यांच्याखाली झाडं वाढणाऱ्या हजारो काचेच्या बरण्या. मालकांना सगळे 'डॉक्टर' म्हणतात. कशाचे डॉक्टर असं विचारलं की ते घड्याळाकडे बघतात.

माध्यम शिजवणाऱ्याचं नाव मी मापारी ठेवलं आहे. साखर तोलताना चिमूटभर तोंडात टाकतो आणि मग वजन बरोबर आलं म्हणून मान हलवतो.

आणि आत्या. सगळे तिला आत्या म्हणतात. मी म्हणणार नाही, कामाच्या ठिकाणी कोणी कोणाची आत्या नसते. शाळा सातवीत सोडली, इथे एकोणीस वर्षं आहे, दिवसाला चारशे तुकडे कापते. मला बघून डॉक्टरांना म्हणाली, "हीच का ती पदवी?" तेव्हापासून माझं तेच नाव पडलं. "पदवी, चिमटा दे." "पदवी, उजेडातून सरक."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिला त्यातलं काय कळणार!

११ मार्च

आज जेवणाच्या सुट्टीत दोघांना समजावून सांगितलं. एवढ्या वर्षांत कोणी सांगितलेलं नाही, याची मला खरोखर लाज वाटली.

म्हटलं, झाड बीजापासून होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण पानातली एखादी साधी पेशी घेतली, जिचा फुलाशी, फळाशी काही संबंध नाही, आणि तिला योग्य अन्न आणि योग्य संप्रेरक दिलं, तर ती आपलं पानपण विसरते. तिच्यापासून आधी पेशींचा बेढब गोळा होतो, त्याला कॅलस म्हणायचं. मग त्या गोळ्यावर भ्रूण येतात, अगदी बियांच्या आतल्यासारखे. पराग नाही, बी नाही, आणि तरी तेच झाड, तंतोतंत. म्हणजे झाडाच्या प्रत्येक पेशीत आख्खं झाड असतं. कोणतीही पेशी मुळात क्षुद्र नाही, तिला फक्त संधी मिळायला हवी! हे बोलताना मला स्वतःलाच भरून आलं.

मापारी डबा धुवायला उठला. आत्या कोपर खाजवत म्हणाली, "म्हणजे या कोपराची पण एक आत्या होईल?"

"माणसांचं वेगळं असतं."

"बरं झालं. एकच पुरे आहे सगळ्यांना." मग म्हणाली, "आणि प्रत्येक पेशीचं काही होत नसतं गं. शंभर तुकडे ठेवले तर दोघातिघांचं होतं. कोणत्या दोघांचं, हे ते आधी सांगत नाहीत."

अशा माणसांशी शास्त्र बोलण्यात अर्थ नाही.

२५ मार्च

कापण्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. आज मी ते उघडलं.

आत एकही दिवा नाही. बासष्ट बरण्या. प्रत्येकीत जेलीवर काळपट, वाळलेली, जळक्या कागदासारखी ढेकळं. माझ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की ऊती काळी पडली म्हणजे ती विषारी द्रव्यं सोडते आहे आणि मरते आहे. ती काढून टाकावी. इथे ती कपाटात सांभाळून ठेवली आहे. नाव नाही, माध्यमाचा क्रमांक नाही. बुडाशी मार्करने एक त्रिकोण काढलेला आणि त्याखाली पाच ठिपके. बासष्टच्या बासष्ट बरण्यांवर! रांगोळीच काढायची बाकी आहे.

मागून आत्या आली आणि तिने दार लावून घेतलं.

"काय आहेत ही?"

"झोपलीयेत."

"मेलीयेत."

"मग तुझा काही त्रास नाही त्यांना. उघडू नको म्हणजे झालं."

नोंदवही मागितली. तिने आपल्या कपाळाला बोट लावून दाखवलं.

९ एप्रिल

मळेवाले आले होते. लांब डोंगराळ भागात त्यांचा कॉफीचा मळा आहे. तीन वर्षांपूर्वी तांबेऱ्याच्या रोगाने त्यांची सगळी झुडपं गेली. वरच्या कड्याशी एकच जुनं झाड उभं राहिलं, एकही पान पिवळं न पडता. त्याच्या बियांपासून आलेली रोपं मात्र रोगाने गेली, आईसारखी निघाली नाहीत. म्हणून त्यांना बी नको, तेच झाड हवं आहे. पुन्हा आख्खा मळा लावायचा तर त्याच्यावाचून दुसरं काही नाही.

त्यांनी बूट दारात काढले आणि मोज्यांवर उभे राहिले, जणू देवळात आलेत. हे असले लोक! मी माध्यमांबद्दल सविस्तर सांगत होते. ते ऐकून घेऊन म्हणाले, "हो ताई, हो." आणि मान वळवून आत्याला विचारलं, "काय म्हणतंय?"

"वेळ घेतंय," आत्या म्हणाली.

"झाडही हट्टीच आहे."

मागच्या ऑक्टोबरात त्यांनी पानं आणून दिली होती म्हणे. त्यांची कुठेच नोंद नाही. गेली असणार केरात. मी डॉक्टरांना सांगून नवी पानं मागवली आणि हे काम माझ्याकडे घेतलं. प्रत्येक बरणीला क्रमांक असेल. दर तीन आठवड्यांनी ताजं माध्यम. जे मंद वाढेल ते वगळायचं, जे जोमाने वाढेल ते पुढे न्यायचं. इतकं साधं आहे.

७ मे

माझे गोळे फार सुंदर आलेत. पांढरेशुभ्र, मऊ, कापसासारखे, आठवड्याला दुप्पट! डॉक्टर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला थेट माझ्या मांडणीपाशी आणतात. आज म्हणाले, "हे शिक्षण." मला माहीत आहे की ते स्तुती फुकट वाटतात. तरी बरं वाटलं.

आत्याने एक बरणी दिव्यासमोर धरून बघितली. "गोंडस आहे," म्हणाली आणि जागेवर ठेवली. मत्सर माणसाला इतकं लहान करतो.

२१ मे

सकाळी मळेवाल्यांचा फोन आला. परवाच्या वादळात ते झाड उन्मळून कड्याखाली गेलं. ओढून काढेपर्यंत वाळून गेलं होतं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "आता जे काय आहे ते तुमच्याकडेच."

आणि आजच दिव्यांच्या खोलीत बुरशी निघाली. चाळीस बरण्यांत राखाडी लव. माझ्या पांढऱ्या गोळ्यांपासून दोन हात अंतरावर! मी प्रत्येक मांडणी तपासली, मग कपाट उघडलं. तिथल्याही एका बरणीत बुरशी होती. म्हणजे उगम सापडला. मेलेल्या ऊतीचं गोदाम उबवत बसलं की दुसरं काय होणार!

डॉक्टरांना दोन पानी अहवाल दिला. 'अशास्त्रीय' हा शब्द चार वेळा आला आहे, पण दुसरा शब्द नव्हता. त्यांनी न वाचताच सही केली.

२२ मे

आत्या रजेवर होती, बहिणीचं ऑपरेशन आहे. तिची वाट बघण्यात अर्थ नव्हता. शिवाय ती असती तर तमाशा झाला असता.

एकसष्ट बरण्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. तो म्हणजे आपला मोठा कुकरच, आत काही जिवंत राहत नाही. मापारी म्हणाला, "आत्याला विचारलं का?" मी म्हटलं, "तुम्ही साखर खा."

एक बरणी मात्र, बुरशी नसलेली, पिशवीत टाकून घरी आणली आहे. कॉलेजच्या सरांना दाखवणार, विज्ञान कसं करू नये याचा नमुना म्हणून. सर हसून लोळतील.

घरी ती खिडकीत ठेवली. आईने विचारलं, "हे काय गं?"

"घाण आहे. टाकून दिलीस तरी चालेल."

"तुझ्या कामाचं आहे ना?"

"आई, प्रत्येक गोष्ट जपून ठेवायची नसते."

या घरात ते कोणाला पटेल? माझी पहिलीची पाटी फुटली, तिचे तुकडेसुद्धा आईने ठेवले आहेत. माझ्या अक्षरातली किराण्याची यादीही ती केरात टाकत नाही. बाबा दिवसभर लोकांच्या भिंती रंगवतात आणि घरी येऊन पदवीच्या फ्रेमची काच पुसतात. प्रेम आहे, कबूल आहे. पण अडाणी प्रेम आहे.

२५ मे

आत्या आली. कपाट उघडलं. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "उघडलीस, की तशीच शिजवलीस?"

"तशीच. त्यात बुरशी होती."

"एकीत होती. मला माहीत होतं, मी ती बाजूला ठेवली होती." मग म्हणाली, "कड्यावरच्या झाडाची होती ती. ऑक्टोबरची पानं."

मी सांगितलं की त्याच झाडाचे माझ्याकडे दोनशे दहा ताजे, निरोगी गोळे आहेत, काळजीचं कारण नाही. तिने कोट काढला, खिशातला मार्कर टेबलावर ठेवला, कोट मोरीत स्वच्छ धुतला, पिळून दांडीवर वाळत घातला आणि गेली. डॉक्टरांनी अडवलं नाही. निघताना मापारी तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेला.

कोट धुण्याचं नाटक कशासाठी केलं?

१८ जून

कापणं आता मीच करते. तीनशेच्या वर जात नाही. अंगठा सुजला आहे.

संप्रेरक कमी केलं की भ्रूण यायला हवेत. आले नाहीत. गोळे मात्र वाढतच चालले आहेत.

१३ जुलै

संप्रेरक बंद केलं, साखर वाढवली, कमी केली. माझे गोळे आता पाणचट, काचेसारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोठमोठ्या पोकळ पेशी दिसल्या, फुग्यांसारख्या. जोमदार त्याच पुढे न्यायच्या असं मी ठरवलं होतं. जोम सगळा फुगण्यातच गेलेला दिसतो. एका गोळ्याला एक मूळ आलं. वर काही नाही, नुसतं मूळ.

एसीची जाळी साफ करायला माणूस आला होता. आत राखाडी बुरशीचा थर निघाला. म्हणजे उगम कपाट नव्हतं.

असो.

३० जुलै

डॉक्टरांनी आज पाहुण्यांना माझी बरणी दाखवली. "हे बघा, भ्रूण." मी शेजारी उभी होते. ते भ्रूण नव्हते. पाहुण्यांनी मला विचारलं, "तुम्ही केलेत?" मी हसले.

घरी येऊन अंगठ्याला हळद लावली आणि आईवर उगाच ओरडले. तिने विचारलं होतं, "तुझी झाडं कशी आहेत?"

१९ ऑगस्ट

मळेवाले दर सोमवारी फोन करतात. आज डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि दार लावलं.

"सहा सप्टेंबरला त्यांना तीनशे रोपं पाठवायची आहेत. रोपवाटिकेतून कॉफीची रोपं मागवली आहेत. छान आहेत."

"पण ती त्या झाडाची नाहीत."

"कॉफी ती कॉफी."

"ती रोगाने मरतील."

"मरतील तेव्हा बघू. आणि तुलना कशाशी करणार ते? झाड तर गेलं." मग हसून म्हणाले, "प्रमाणपत्रं तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

हा माणूस थुंकण्याच्याही लायकीचा नाही. हे मी इथे लिहिते आहे. तिथे मी "बरं" म्हटलं.

२ सप्टेंबर

प्रमाणपत्रं घरी आणली होती. 'सदर रोप मूळ वृक्षाच्या ऊतीपासून...' अकरा लिहून झाली. बारावं लिहिताना शाईचा ठिपका पडला म्हणून कोरा कागद मागितला. आईने कपाट उघडलं. तिच्या ठेवणीतल्या साड्यांच्या मागून तिने माझ्या जुन्या वह्या काढल्या, आणि वह्यांबरोबर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

"ते काय आहे?"

"तुझी बरणी. खिडकीत ऊन येत होतं ना, म्हणून आत ठेवली. कामाची असेल म्हटलं." माझा चेहरा बघून घाबरली. "उघडली नाही हं मी. नुसती अधूनमधून बघायचे. मला काय कळतंय त्यातलं."

रुमाल सोडला. काळ्या ढेकळावर पिवळे दाणे होते. खसखशीएवढे, काही मोहरीएवढे. भिंग आणलं. काही गोल, काही बदामाच्या आकाराचे, दोन लांबट होऊन टोकाशी फाटायला लागलेले. पुस्तकात ज्या क्रमाने चित्रं आहेत त्याच क्रमाने. तीनदा मोजले. तेवीस.

काळं पडणं हे त्यांचं मरण नव्हतंच. त्या मेलेल्या दिसणाऱ्या ढेकळाच्या आडोशाला, अंधारात, कोणी न ढोसता, दोघंतिघं जागी होत होती. आणि मी त्यांच्या एकसष्ट बरण्या शिजवल्या, टापटीप म्हणून.

बुडाशी त्रिकोण होता. त्रिकोण म्हणजे डोंगर. ठिपके मार्चात पाच होते, मेपर्यंत सात झाले होते, ऑक्टोबरनंतर दर महिन्याला एक. नोंद होती. मला वाचता आली नाही, इतकंच.

आई विचारत होती, "चुकलं का गं काही माझं?"

मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिणार नाही.

३ सप्टेंबर

कामावर गेले नाही. मापाऱ्याला फोन करून पत्ता विचारला. तो म्हणाला, "आता कशाला?" पण दिला.

आत्या एका शर्टांच्या कारखान्यात कॉलर कापते. लांबलचक टेबल, वीस बायका, कात्र्यांचा आवाज. मला बघून तिने कात्री थांबवली नाही.

"काय गं पदवी? इथेही काही जाळायचंय?"

मी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. तिने बघितलं. पुढच्या क्षणी कापडाचा अख्खा गठ्ठा ओढून बरणीवर टाकला.

"उजेडात काय ठेवतेस! अक्कल आहे का?"

मग गठ्ठ्याखाली डोकं घालून, मोबाइलचा अगदी मंद उजेड करून बघत राहिली. शेजारची बाई म्हणाली, "काय आहे गं आत्या?" गठ्ठ्याखालून उत्तर आलं, "नातवंडं."

बाहेर आल्यावर विचारलं, "उघडली होतीस?"

"नाही."

"पहिल्यांदाच शहाणपणा केलास."

"मी नाही केला. आईने केला. मी टाक म्हटलं होतं."

"शिकलीये आई?"

"नाही."

"तरीच." मी खाली बघितलं. ती म्हणाली, "आधी त्या माणसाला फोन लाव. माझ्यासमोर लाव."

लावला. सगळं सांगितलं. अहवाल मी लिहिला, बरण्या मी शिजवल्या, माझ्या गोळ्यांतून काही येणार नाही, सहा तारखेला येतील ती रोपं तुमच्या झाडाची नाहीत, अकरा खोटी प्रमाणपत्रं माझ्या अक्षरात आहेत. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. ते रागावतील म्हणून मी थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "किती आहेत?"

"तेवीस."

"हात कोण लावणार? तुम्ही?"

"नाही. आत्या."

"मग येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

४ सप्टेंबर

अकरा प्रमाणपत्रं डॉक्टरांच्या टेबलावर फाडून ठेवली. ते म्हणाले की ते झाड प्रयोगशाळेचं आहे, बरणी प्रयोगशाळेची आहे, मी चोर आहे, आणि ते माझ्या नावाने सगळीकडे पत्र पाठवतील. पाठवोत. पत्र लिहायला त्यांना दुसरं अक्षर शोधावं लागेल.

घरी सांगितलं, नोकरी सुटली. बाबा म्हणाले, "भांडून?" मी म्हटलं, "चूक करून, आणि मग भांडून." त्यांनी फ्रेमकडे बघितलं, पण आज काच पुसली नाही.

१६ सप्टेंबर

कॉलेजच्या सरांनी मागची खोली दिली आहे. त्यांना बरणी दाखवली तेव्हा ते हसून लोळले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

मळेवाले आले. दारात बूट काढले. मीही काढले.

आत्या कारखान्यातून अर्धी रजा घेऊन येते. मी बरण्या धुते, माध्यम शिजवते, वजन करते. साखर खात नाही. तिने चिमट्याने एकेक दाणा उचलून नव्या माध्यमावर ठेवला. मी श्वास रोखून बघत होते, तर म्हणाली, "श्वास घे. तू पडलीस तर बरणीवर पडशील." तेवीसपैकी एकोणीस टिकले आहेत. दोघांना हिरवं टोक आहे.

एकोणीस बरण्या झाकून झाल्यावर मी मार्कर घेतला. प्रत्येकीच्या बुडाशी त्रिकोण काढला. आईच्या कपाटातल्या चार महिन्यांचे ठिपके राहिले होते, तेही दिले, एकूण अकरा.

"वर काय लिहू? माध्यमाचा क्रमांक? ऊतीचा प्रकार?"

"तारीख लिही."

"आणि?"

"आणि 'उघडू नये' असं लिही," आत्या हात पुसत म्हणाली. "कॉलेज आहे हे. तुझ्यासारख्या शिकलेल्या बऱ्याच असतील इथे."

लिहिलं. एकोणीस वेळा, मोठ्या अक्षरात.